वाद आपला, मांडवही आपला हवा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माणूस आपली बाजू मांडीत आला आहे; कधी सभेत, कधी वृत्तपत्रात, कधी वाचनालयाच्या पायरीवर. आज ही चर्चा बरीचशी व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांत होते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु वाद आपला असला तरी मांडव परक्याचा आहे, आणि तो केव्हा मोडायचा हे परकाच ठरवितो.

ही भीती काल्पनिक नव्हे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहूच्या चर्चागटांतील वर्षानुवर्षांचा मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला आणि वर्षभराने ते गटही संपले. सीमाभागाला असा तोटा परवडणारा नाही. घटनेच्या ३५० अ कलमात मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची तरतूद आहे आणि ३५० ब कलमान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहे. त्याच्यापुढे जायचे तर कोणत्या गावची शाळा, कोणते परिपत्रक, कोणती तारीख, हे दाखवावे लागते. गटांतून वाहून जाणाऱ्या संदेशांत ते सापडत नाही. विषयवार लावलेल्या, शोधता येणाऱ्या चर्चेत ते सापडते.

अशी जागा स्वतः उभारणे आज अवघड राहिलेले नाही. पीएचपीबीबी २००० पासून आणि डिस्कोर्स २०१३ पासून उपलब्ध आहे. या मुक्त प्रणालींची संहिता कोणीही विनामूल्य घ्यावी, आपल्या सर्व्हरवर चालवावी, हवी तशी बदलावी. मराठीला हा प्रयोग नवा नाही. मायबोली १९९६ पासून आहे आणि २००७ साली सुरू झालेले मिसळपाव द्रुपल या मुक्त प्रणालीवरच उभे राहिले.

मात्र विनामूल्य म्हणजे विनासायास नव्हे. सर्व्हरचे भाडे आणि संकेतनामाचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर न केल्यास चोर शिरतो, आणि साठ्याची प्रत दुसरीकडे नसल्यास एका बिघाडात सारे जाते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारणाची व्यवस्थाही चालकाच्या माथी येते. शिवीगाळ आणि अफवा आवरणारे, कन्नड शेजाऱ्याच्या उत्तरालाही जागा देणारे संयमी संपादक नसतील, तर आपला मांडव म्हणजे आपलाच आखाडा होईल. आणि शासनाने इंटरनेटच बंद केले, तर स्वतःचा सर्व्हरही त्या भागापुरता मुका होतो.

तरीही मालकीचे मोल गोमंतकीयांना सांगावयास नको. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडील रानांतून गुप्त नभोवाणी चालविली. पोर्तुगीज सत्तेला तो आवाज मिटविता आला नाही, कारण प्रक्षेपक त्यांच्या स्वतःच्या हाती होता आणि त्याची राखण करणारी माणसेही होती.

बेळगाव परिसरात वाचनालये आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून साहित्य संमेलने भरविणारी मंडळी आहेत. एकेका व्यक्तीने नव्हे, तर या संस्थांनी मिळून असे व्यासपीठ चालवावे, असे आम्हांस वाटते. संगणक जाणणारे दोन तरुण आणि वर्षाची वर्गणी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. न्यायालयाचा निकाल आपल्या हाती नाही. आपल्या म्हणण्याची नोंद मात्र आहे.