खोली उघडी, वाट बंद

ईद अजून कित्येक आठवडे दूर आहे, पण कुवेतमधल्या हवल्लीतल्या फोनांवर या आठवड्यात तिबिलिसी, इस्तंबूल आणि दुबईच्या खोल्या येऊन थडकल्या आहेत. ‘फक्त एक खोली शिल्लक’, ‘सवलत आज रात्रीपर्यंत’, आणि त्याखाली फिकट करड्या अक्षरांत ‘नॉन-रिफंडेबल’. तुनिस स्ट्रीटवरच्या मराठी घरांत आता आकडेमोड सुरू होईल आणि बहुतेक जण तोच दर घेतील, कारण तो स्वस्त दिसतो. 2025 ची ईद इतक्या लवकर विसरली जाऊ नये.

त्या वर्षी कुवेतच्या मंत्रिमंडळाने सरकारी कार्यालयांसाठी सुट्टीचे दोन पर्याय आधीच जाहीर केले होते. ईद रविवारी, 30 मार्चला आली तर तीन दिवस सुट्टी आणि बुधवारी, 2 एप्रिलला कामावर हजर. सोमवारी, 31 मार्चला आली तर रविवारही सुट्टीत धरून थेट 6 एप्रिलला कामावर, म्हणजे शुक्रवार-शनिवार मिळून सलग नऊ दिवस. कोणता पर्याय लागू होणार हे 29 मार्चच्या संध्याकाळी, चंद्रदर्शनानंतरच ठरणार होते. चंद्र दिसला, ईद रविवारी झाली आणि नऊ दिवसांची सहल पाच दिवसांवर आली. नऊ दिवसांच्या हिशोबाने ज्यांनी परत न मिळणाऱ्या दरात खोली घेतली होती, त्यांच्या शेवटच्या रात्रींचे पैसे बुडाले. चूक कोणाचीच नव्हती, भुर्दंड मात्र पाहुण्याला पडला.

चंद्राशिवायही अडथळे आहेत. 23 जून 2025 च्या रात्री इराणने कतारमधल्या अल-उदैद तळावर क्षेपणास्त्रे डागली आणि कुवेतनेही आपले आकाश काही काळ बंद केले. 1 जुलै 2025 पासून खाजगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर जाण्याआधी मालकाची परवानगी, म्हणजे एक्झिट परमिट, लागते. पण खोलीचे पैसे आज कापले जातात आणि परमिट प्रवासाच्या तोंडावर मिळते. शेंगेनच्या व्हिसाचेही तसेच. अर्जासोबत निवासाचा पुरावा जोडावा लागतो म्हणून लोक खोलीचे पैसे भरून टाकतात. नियमाला फक्त राहण्याची सोय दाखवणारा कागद हवा असतो, पैसे भरल्याची पावती नव्हे. मोफत रद्द करता येणारे आरक्षणही तो कागद देते. व्हिसा नाकारला गेला तर 90 युरो शुल्क जातेच, त्यात खोलीची भर कशाला?

सवलतीचा हिशोब मांडून पाहावा. खोली रात्रीला तीस दिनार, पाच रात्री, म्हणजे दीडशे दिनार. परतावा सोडला तर दहा टक्के सूट, म्हणजे 135. पंधरा दिनार वाचवण्यासाठी 135 पणाला लागतात. अशा दहा सहलींपैकी एक रद्द झाली की दहाही वेळची बचत संपते, दुसरी रद्द झाली की तोटा सुरू. पुण्यातल्या नोकरदाराला हा धोका कदाचित परवडेल. हवल्लीतल्या माणसाची सहल मात्र चंद्र, मालक, वकिलात आणि हवाई हद्द अशा चौघांवर अवलंबून असते, आणि त्यातले एकही त्याच्या हातात नाही. सूट मात्र दोघांना सारखीच मिळते.

आता त्याच सहलीचे विमानाचे तिकीट पाहा. तोच फोन, तेच कार्ड, कदाचित तेच संकेतस्थळ. उड्डाण रद्द झाले तर कंपनीला पैसे परत करावे लागतात किंवा दुसरी सोय करावी लागते. प्रवाशाने स्वतःहून परत न मिळणारे तिकीट रद्द केले, तरी भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार कर आणि विमानतळाचे शुल्क परत द्यावेच लागते. अमेरिकेत 2012 पासून तिकिटाला, प्रवास किमान सात दिवसांवर असेल तर, चोवीस तासांची सवलत आहे. मन बदलले तर दंड नाही. कोविडच्या टाळेबंदीत अडकलेल्या तिकिटांसाठी प्रवासी लीगल सेल ही स्थलांतरितांसाठी काम करणारी संस्था भारताच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्यायालयाने परताव्याची चौकट घालून दिली. टाळेबंदीत टाळेबंदीच्याच काळासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत, आणि इतर तिकिटांसाठी, ज्या कंपन्यांना आर्थिक अडचण होती त्यांच्याकडून 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येणारी जमा रक्कम, तीही दरमहा वाढत जाणारी.

खोलीला यातले जवळपास काहीच मिळाले नाही. कारण साधे आहे आणि अन्यायाचे आहे. विमान उडाले नाही की कंपनीने सेवा दिली नाही, हे उघड दिसते. हॉटेल मात्र आपल्या जागी उभे असते. दिवे लागलेले, चादरी बदललेल्या, स्वागतकक्षात माणूस हजर. मग करार मोडला कोणी? जो येऊ शकला नाही त्याने. त्याचा रस्ता सरकारने बंद केला होता, याला हिशोबात जागा नाही. आणि ती रिकामी खोली हॉटेलने दुसऱ्याला विकली, तरी पहिल्याचे पैसे हॉटेलकडेच राहतात.

ज्यांनी 2021 चा फेब्रुवारी दुबईत काढला त्यांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2020 मध्ये कुवेतचा विमानतळ पुन्हा उघडला, पण भारतातून थेट येणे बंद होते. मधले 14 दिवस तिसऱ्या देशात काढावे लागत. रत्नागिरी, रायगड, पुणे, नाशिकहून निघालेली माणसे दुबईच्या खोल्यांत दिवस मोजत बसली. खोली, तिकीट, तपासणी असे सगळे एकत्र आणि आगाऊ पैसे भरून. मग 7 फेब्रुवारीपासून परदेशी नागरिकांना दोन आठवडे प्रवेशबंदी झाली. ती उठण्याच्या आदल्याच दिवशी, 20 फेब्रुवारीला, पुढील आदेशापर्यंत वाढली. लस घेतलेल्या परदेशी रहिवाशांसाठी दार उघडले ते 1 ऑगस्टला. दुबईतली खोली या सगळ्या काळात उघडीच होती. म्हणून तिच्या पैशांवर दावा सांगायलाच जागा नव्हती.

युरोपात हीच खोली विमानासोबत एकाच पॅकेजमध्ये विकली गेली तर चित्र बदलते. 2015 च्या पॅकेज प्रवास निर्देशानुसार गंतव्यस्थानी टाळता न येणारे असाधारण संकट आले, तर निघण्यापूर्वी दंडाशिवाय माघार घेता येते आणि पूर्ण पैसे परत मिळतात. तीच खोली सुटी घेतली की हा हक्क नाही. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2024 पासून सुट्या खोलीलाही चोवीस तासांची मुभा दिली आहे, आरक्षण मुक्कामाच्या किमान 72 तास आधी केले असेल तर. म्हणजे करता येते.

भारतात कागदावर आधार आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनी स्वतः सौदा मोडल्यावर जेवढे शुल्क सोसत नाही, तेवढे ग्राहकाकडून रद्द करण्यासाठी घेऊ शकत नाही. 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई लावण्याला फसव्या रचनांमध्ये गणले आहे. ‘एकच खोली शिल्लक’ म्हणजे फक्त आमच्या संकेतस्थळावर, हे स्पष्ट सांगण्याचे वचन बुकिंग डॉट कॉमने युरोपीय आयोगाला डिसेंबर 2019 मध्येच दिले होते. पण हवल्लीतल्या माणसाचा फोन कुवेतमध्ये, कंपनी ॲमस्टरडॅममध्ये, हॉटेल तिबिलिसीत. त्याने कोणाचे दार ठोठावायचे?

म्हणून मागणी स्वच्छ असावी. सरकारने किंवा मालकाने वाट बंद केली, मग ती हवाई हद्द असो, प्रवेशबंदी असो की नाकारलेले एक्झिट परमिट असो, तर खोलीचे पैसे परत मिळावेत किंवा तारीख पुढे जावी. तोवर निदान मुक्कामाच्या दिवसाआधी हॉटेलला लेखी कळवून तारीख बदलून मागावी. न कळवता गैरहजर राहिले की तेवढी विनंतीही हातची जाते. आणि ज्यांनी तिकिटांसाठी न्यायालय गाठले, त्यांच्यापुढे आता खोल्यांची प्रकरणे ठेवायला हवीत. आरक्षणाची ईमेल, प्रवेशबंदीचा आदेश, रद्द उड्डाणाचा संदेश, हॉटेलचा नकार. हे कागद हवल्ली, साल्मिया, फहाहीलमधल्या घरोघरी पडून आहेत. ते एकत्र करण्याचे काम इथल्या मराठी मंडळींनी हाती घ्यावे, आणि ते याच ईदच्या आधी सुरू व्हावे.