खरी किंमत बाहेर पडण्याची

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी कार्यालयीन कामासाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिस घ्यावे की लिबर ऑफिस, हा वाद बहुधा पैशांपाशीच थांबतो. पहिल्यासाठी पैसे मोजावे लागतात, दुसरे विनामूल्य मिळते. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी किंमत निराळीच आहे. ती एका साधनातून दुसऱ्यात जाण्याची.

ओपन डॉक्युमेंट या स्वरूपाला २००६ साली व मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपाला २००८ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तरीही एकातील मजकूर दुसऱ्यात उघडला की मांडणी विस्कटते, मॅक्रो अडखळतात. साठलेले कागद जितके अधिक, तितका ग्राहक अधिक जखडलेला! जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० संगणकांसाठी लिबर ऑफिस स्वीकारण्याचे ठरविले, त्यामागे काटकसरीइतकाच स्वायत्ततेचाही विचार होता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे नवे नाही. त्यांचा कोड साध्या मजकुरात असतो. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद राहते. टिपणे व आराखडेही त्यांनी तसेच ठेवावेत. ग्राहकाचा आग्रह असेल तेथे मायक्रोसॉफ्ट ऑफिस अवश्य वापरावे. मात्र आपली मूळ प्रत एका उत्पादकाच्या स्वाधीन करू नये, यातच शहाणपण आहे.