निरोपाचे फेटे आधी उतरवा, मग एव्हरेस्ट बेस कॅम्पला जा

थोडं कडू लिहितोय. ज्यांना राग येईल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं, मग खाली हवं ते लिहावं.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हळदीच्या भावासोबत आता आणखी एक मेसेज फिरायला लागलाय. "एव्हरेस्ट बेस कॅम्प, फक्त 10 दिवस, अनुभवाची गरज नाही, शेवटच्या काही जागा." मग आठ-दहा जण पैसे भरतात. मग कुणीतरी दादा, कुणीतरी भाऊ निरोप समारंभ ठेवतो. फेटे, शाल, श्रीफळ, नाव छापलेला झेंडा, आणि चौकात बॅनर: "एव्हरेस्ट मोहिमेसाठी हार्दिक शुभेच्छा!" परत आल्यावर दुसरं बॅनर, त्यात थेट "एव्हरेस्टवीर". आणि पेपरात बातमी, "एव्हरेस्ट सर".

माझं भांडण जाणाऱ्यांशी नाही. जाणाऱ्यांच्या डोक्यावर आपण जो फेटा बांधतो, त्याच्याशी आहे. कारण हा फेटा वर गेल्यावर माणसाला मागे फिरू देत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी साधा हिशोब. एव्हरेस्टची उंची 8,848.86 मीटर. बेस कॅम्प 5,364 मीटर. मधलं अंतर जवळपास 3,485 मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोडं उरतंच. बेस कॅम्पवर उभं राहिलं तर एव्हरेस्टचा माथा दिसतसुद्धा नाही, समोरच्या डोंगरांआड जातो. तो पाहायला बाजूच्या काला पत्थरवर चढावं लागतं. जिथून शिखर दिसत नाही तिथं जाऊन आलेल्या माणसाला आपण शिखरवीर म्हणतो. याला कौतुक म्हणायचं की थट्टा?

2016 साली पुण्याच्या एका पोलीस दांपत्याने शिखर गाठल्याचा दावा केला. फोटोत फेरफार असल्याचं निघालं आणि नेपाळ सरकारने त्यांच्यावर 10 वर्षांची बंदी घातली. राज्याची मान खाली गेली. आपली बॅनरं त्या पातळीवरची नाहीत, मान्य. पण खोट्याची सवय अशीच चौकातून लागते.

खरं काम केलेली माणसं आपल्याजवळ आहेत. 1998 साली सुरेंद्र चव्हाण शिखरावर पोहोचले. 2012 मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीची नागरी मोहीम झाली. 2018 मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली आदिवासी पोरं 'मिशन शौर्य'मधून वर गेली, तीसुद्धा अनेक महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर. आणि आपल्या मराठवाड्याच्या प्रा. मनीषा वाघमारे 2017 साली शिखर हाताशी आलेलं असताना खराब हवामानामुळे मागे फिरल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेल्या आणि पोहोचल्या. मला विचाराल तर त्यांचा मोठेपणा 2017 मध्येच सिद्ध झाला होता. मागे फिरणाऱ्या माणसाचं बॅनर आपण कधी लावलंय का?

आता माझी गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय या पोस्टला अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं गेलो होतो. आमच्यातल्या एकाचा निरोप जोरात झाला होता. संस्थेच्या नावाचा झेंडा त्याच्या बॅगेत होता, तो बेस कॅम्पला फडकवून फोटो पाठवायचा शब्द त्यानं दिला होता. डिंगबोचेला त्याचं डोकं दुखायला लागलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. गुपचूप गोळ्या खात राहिला. जेवण जाईना, तर म्हणे डाळीची चव आवडत नाही. लोबुचेला रात्री उलट्या झाल्या. बाहेर जायला उठला तेव्हा दारू प्यायल्यासारखा तोल जात होता. दारूचा थेंबही घेतलेला नव्हता.

आमच्या गाईडनं त्याला सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. चार पावलं जमली नाहीत. गाईडनं एक शब्द वाद घातला नाही. अंधारातच, डोक्याला टॉर्च लावून, दोघांनी धरून त्याला खाली फेरिचेला आणलं. त्या अवस्थेतही आमचा मित्र काय म्हणत होता माहितीये? "एक दिवस राहिला रे. झेंड्याचं काय करू?"

तो वाचला. आम्ही चौघंही लोबुचेच्या वर गेलो नाही. पण गावात परत आल्यावर त्याला पहिला प्रश्न "बरा आहेस का?" असा आला नाही. "फडकवला का मग?" असा आला. त्या दिवसापासून तो या विषयावर बोलत नाही. म्हणून मी बोलतोय.

समजून घ्या, वर नेमकं काय होतं. बेस कॅम्पच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्माच. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण स्वतःच्या वेळेनं घेतं. तुमचं रजेचं पत्रक त्याला माहीत नसतं. साधा नियम असा: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली घंटा. ती वाजली की वर चढणं बंद. तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर ती शेवटची घंटा. तेव्हा औषध एकच, खाली उतरणं. सकाळची वाट बघायची नाही.

आणि इथं पहिलवानकीचा काही उपयोग नाही. पोलीस भरतीला पळणारा 24 वर्षांचा पोरगा आजारी पडतो आणि हळूहळू चालणारे 58 वर्षांचे गुरुजी ठणठणीत राहतात. उलट तगडा माणूसच जोरात चढतो आणि आधी पडतो.

आता त्या "10 दिवसां"ची चिरफाड करू. लुक्ला 2,860 मीटर. पहिला मुक्काम फाकडिंग, दुसरा नामचे (3,440). नामचेला एक दिवस थांबायचं. मग तेंगबोचे (3,860), मग डिंगबोचे (4,410). तिथं पुन्हा एक दिवस थांबायचं. मग लोबुचे (4,940), मग गोरक शेप (5,164) आणि बेस कॅम्प. चढायला आठ दिवस, उतरायला तीन, बाराव्या दिवशी परतीचं विमान. त्यात काठमांडूचा एक-दीड दिवस. हंगामात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूहून सुटत नाहीत, रामेछापच्या मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडी. ढग आले की विमान रद्द, म्हणून दोन दिवस हातचे. हिंगोलीहून दिल्ली किंवा गोरखपूर गाठून काठमांडूला जायला-यायला चार-पाच दिवस. बेरीज करा. हिंगोली ते हिंगोली 19-20 दिवस लागतात.

मग 10 दिवसांत कसं बसवतात? सोपं आहे. नामचेचा आणि डिंगबोचेचा थांबायचा दिवस कापतात आणि दोन मुक्काम एकात घालतात. म्हणजे पॅकेज स्वस्त करायला जे दिवस कापले जातात, तेच जीव वाचवणारे दिवस असतात. दिवाळीच्या सुट्टीत हे बसत नसेल तर बसत नाही. सुट्टी मोठी करा किंवा डोंगर लहान निवडा. संदकफू 3,636 मीटरवर आहे, तिथूनही एव्हरेस्ट दिसतं. आणि आयुष्यातला पहिलाच ट्रेक बेस कॅम्पचा करू नका. आधी सह्याद्रीत दोन पावसाळे घाला.

दुसरी गोष्ट, ओझं. आपल्या चौकातल्या फोटोत जो कधीच दिसत नाही, तो पोर्टर. बहुतेकांना वाटतं तिथला प्रत्येक हमाल शेर्पा आणि त्याला उंची लागत नाही. चूक. पोर्टरांमध्ये कितीतरी जण खालच्या डोंगराळ भागातून आलेले राई, तामांग, मगर असतात. त्यांनाही तसंच डोकं दुखतं, तेही तसेच मरतात. दोन ट्रेकरमागे एक पोर्टर दिला की आपली पोरं बॅगेत काय भरतात? चिवडा, लाडू, पाच जोड कपडे, ब्लूटूथ स्पीकर. आमच्याही बॅगेत दोन किलो फराळ होता, तो एका पोरानं आमच्यासाठी नामचेच्या चढावर वाहिला. मला आजही त्याची लाज वाटते.

मोंढ्यात हळदीची पोती पाठीवर घेणाऱ्या हमालाला ओझ्याचा अर्थ विचारा. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला तो उगाच नाही झाला. इथं हमालाच्या हक्कावर भाषण देणारे आपण, नेपाळात गेल्यावर "पैसे दिलेत ना" म्हणून मोकळे होतो. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा: पोर्टरचा विमा आहे का, त्याच्या अंगावर जाड जॅकेट आणि पायात बूट आहेत का, तो रात्री झोपतो कुठं. उत्तर मिळालं नाही तर पॅकेज घेऊ नका. दोघांचं मिळून सामान वीस-पंचवीस किलोच्या आत ठेवा.

आणि वरच्या टी-हाऊसमध्ये "एवढा महाग चहा?" म्हणून हुज्जत घालू नका. लुक्लाच्या वर गाडीरस्ता नाही. साखरेचा दाणाही कुणाच्या तरी पाठीवर, नाहीतर खेचराच्या किंवा याकच्या पाठीवर चढतो. खोली स्वस्त देतात ती तुम्ही जेवण तिथंच घ्याल या बोलीवर. डाळभात मागा, पुन्हा वाढतात, आपल्या पोटाला तो बराही. मोबाईल चार्जिंग, गरम पाणी यांचे वेगळे पैसे पडतात, ते बजेटमध्ये आधीच धरा.

तिसरी गोष्ट, विमा. 2018 मध्ये नेपाळात हेलिकॉप्टर बचावाचा मोठा घोटाळा उघड झाला. किरकोळ त्रास असलेल्या ट्रेकरला घाबरवून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं आणि विमा कंपनीला फुगवलेलं बिल लावायचं. म्हणजे एकीकडे आपला माणूस त्रास लपवतो, दुसरीकडे कुणी नसलेला त्रास मोठा करतो. दोन्हीवर उपाय एकच, स्वतःला माहिती हवी. पॉलिसीत 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर बचाव धरलाय का, हे लेखी घ्या. साध्या प्रवास विम्यावर जाऊ नका. डायमॉक्सची गोळी ग्रुपवर विचारून घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, नुसत्या आधारच्या भरवशावर निघू नका.

काही जण म्हणतील, "मराठवाड्याची पोरं कुठं पुढं निघालीत, तर तुम्ही पाय ओढता." भावांनो, उलट आहे. चालणं आपल्या मातीतच आहे. आपल्या नरसीचे नामदेव महाराज तेराव्या-चौदाव्या शतकात पंजाबपर्यंत गेले, घुमानला आजही त्यांची आठवण जपलीय. आषाढीला आपल्या गावागावातून दिंड्या निघतात. दिंडीत मुक्काम ठरलेले असतात, विसावा ठरलेला असतो, म्हातारं माणूस थकलं तर त्याला कुणी "पंढरी सर कर" म्हणून ढकलत नाही. आणि वारकरी परतला की आपण त्याच्या पाया पडतो, त्यानं झेंडा किती उंचीवर नेला ते विचारत नाही. ही रीत आपल्याकडे असताना आपण हिमालयात जाताना ती विसरतो, एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. निरोप समारंभ बंद करा. मोहिमेच्या नावानं विद्यार्थ्यांकडून, दुकानदारांकडून वर्गणी गोळा करणं बंद करा. हा तुमचा प्रवास आहे, गावाचं कर्ज नाही. पुढाऱ्यांनी झेंडे देऊ नयेत, द्यायचेच तर पोर्टरसाठी चांगले हातमोजे द्या. पत्रकार मित्रांनी "बेस कॅम्पपर्यंत ट्रेक" असं खरं छापावं, तेही काही कमी नाही. आणि घरच्यांनी निघताना एकच वाक्य सांगावं: "डोकं दुखलं तर सांग, आणि परत ये. आम्ही काही विचारणार नाही."

यंदा कुणी अर्ध्यातून परत आला तर मला कळवा. स्टेशनवर हार घेऊन मी येतो.

ज्यांनी पैसे भरलेत, त्यांनी आजच आपल्या पॅकेजचा दिवसवार कार्यक्रम मागवून वरच्या यादीशी ताडून बघा. नामचे आणि डिंगबोचेला थांबा नसेल तर पैसे परत मागा. अडलं तर खाली लिहा, जमेल तेवढं सांगेन.