मांजराच्या पिल्लाला श्रावक करू नका



पावसाळा तोंडावर आला की दोन गोष्टी नेमाने सुरू होतात. चातुर्मासाची तयारी, आणि "ताई, जिन्याखाली मांजराचं पिल्लू सापडलंय, त्याला काय देऊ?" असे फोन. पाठोपाठ हळूच एक वाक्य येतं, "आपल्यात चालेल असंच सांगा हं." आज त्या वाक्याबद्दलच लिहितेय. काही जणींना राग येईल, येऊ दे.

मांजराच्या पिल्लाचं पोषण होईल असा आहार आपल्या चुलीवर शिजत नाही. दूध-पोळी, मुगाचं वरण, तूप-भात, पनीर, कशानेही भागत नाही. कुत्रं भाकरीवर बऱ्यापैकी निभावून नेतं, माणूस तर उत्तमच. मांजराचं शरीर मात्र मांसावरच जगायला घडलेलं आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला रोज अन्नातून लागतं. ते प्राण्यांच्या मांसात असतं, डाळ-तांदळात नसतं, आणि मांजराला ते स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि गेलेली नजर परत येत नाही. हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं, तेही टॉरिनअभावी होतं, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं. गाजरातून आपल्याला 'अ' जीवनसत्त्व मिळतं, मांजराला तेही जमत नाही. ही त्याची खोड नाही. त्याची तिर्यंच पर्यायच तशी आहे.

दुधाचं तर विचारूच नका. पांढरं दिसलं म्हणून सगळं दूध सारखं नसतं. मांजरीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश कमी, साखर जास्त. अंगावरचं दूध सुटलं की ती साखर पचवण्याची ताकदही ओसरत जाते. मग जुलाब. मूठभर जीव तो, त्याच्या अंगातलं पाणी संपायला किती वेळ लागणार? वाटीभर दूध पाजून आपण पुण्य केलं असं वाटतं आणि दोन दिवसांनी पिल्लू गार पडलेलं सापडतं. "आयुष्य तेवढंच होतं" म्हणून आपण मोकळ्या.

"आमच्या आजेसासूबाईंच्या वाड्यात मांजर दूध-भातावर बारा वर्षं जगलं." हे हमखास ऐकायला मिळतं. वहिनी, त्या वाड्यात धान्याची कोठी होती, शेंगांची पोती होती, माळ्यावर उंदीर होते. दूध-भात तुम्हाला दिसायचा, उंदीर दिसायचे नाहीत. आता चौथ्या मजल्यावरच्या, जाळ्या लावलेल्या फ्लॅटमध्ये त्याच मांजराला कोंडून नुसता दूध-भात घातला तर ते जगणार कशावर?

दुसरा दाखला समवसरणाचा. सिंह आणि गाय एका पात्रात पाणी पितात, मग आपलं मनू वरण-भात का नाही खाणार? तो प्रभाव तीर्थंकरांच्या सान्निध्याचा, आपल्या कुकरचा नव्हे. आणि महावीरस्वामींच्या पूर्वभवातला सिंह आठवा. मुनींच्या उपदेशाने त्याला सम्यक्त्व झालं, तेव्हा तो काही वरण-भात खाऊ लागला नाही. त्याने आहारच सोडला आणि समाधिमरण साधलं. सिंहाला दुसरा आहार नाही हे पुराणकारांनाही ठाऊक होतं. शिवाय तो निर्णय सिंहाचा होता. दीड महिन्याच्या पिल्लाकडून आपण कुठलं व्रत घेववतो? एका घरी तर चतुर्दशीला मांजरालाही उपास घडवतात म्हणे. पिल्लाला एक दिवस उपाशी ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आपण पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार घोकले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाचवा नीट वाचा. आपल्या आश्रयाच्या जिवाला त्याचं अन्न न देणं. ताटली भरलेली आहे पण त्यात त्याचं अन्न नाही, हाही निरोधच, असं माझं स्पष्ट मत आहे.

"मग मांसाचं खाद्य विकत आणायचं? कृत-कारित-अनुमोदनेचं काय?" प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी पांघरूण घालणार नाही. दोष आहेच. म्हणूनच कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजर वगैरे पाळणं अनर्थदंडात धरलं आहे. आचार्यांनी पाळू नका म्हटलं, पाळून दूध-भातावर वाळवा असं म्हटलं नाही. ज्यांना तो दोष नको त्यांनी मांजर पाळू नये. यात कमीपणा काहीच नाही.

पण जिन्याखालचं पिल्लू आज भुकेलं आहे, त्याचं काय? आधी थोडा वेळ लांबून पाहा, आई परत येते का. नसेलच आली तर त्याला ऊब द्या, गार पिल्लाला काही पाजू नका. चार आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला पशुवैद्याकडे किंवा प्राण्यांच्या दुकानात मिळणारी मांजराच्या पिल्लांची दूधभुकटी लागते. ती दर दोन-चार तासांनी, पोटावर ठेवून पाजायची, उताणं धरून नाही. रात्रीसुद्धा. रात्रिभोजनत्याग आपला आहे, त्याचा नाही. आठेक आठवड्यांत ते दुधावरून सुटतं, तेवढ्यात त्याच्यासाठी दुसरं घर शोधा. मांसाहारी शेजारीण प्रेमाने सांभाळणार असेल तर नाक मुरडू नका.

ठेवायचंच ठरवलंत तर डोळे उघडे ठेवून ठेवा. पाकिटावर 'किटन' आणि 'कम्प्लीट' हे दोन्ही शब्द पाहून घ्या, कुत्र्याचं खाद्य चालत नाही. हिरव्या ठिपक्याचं पाकीट शोधत बसू नका, वाढत्या पिल्लावर तो प्रयोग नको. वर्षभर हेच खाद्य, सुरुवातीला कोरडं असेल तर कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. कांदा-लसूण मांजराला विषारी असतात, त्या बाबतीत तरी आपलं घर बरं. ताटली, चमचा, डबा वेगळा, धुण्याची जागा वेगळी, स्वयंपाकघराबाहेर.

सासूबाईंना हे चालणार नसेल तर पिल्लू घरात आणायच्या आधी विचारा, नंतर नाही.