वर्षअखेरचा जमाखर्च

फाल्गुन अमावास्येस आमच्या पवईच्या घरीं तीन खातीं तपासण्याचा प्रघात आहे: प्रकृति, देवधर्म आणि संसार. यंदा पहिल्या दोहोंचा मेळ बसेना. सासूबाईंना मधुमेह आहे. इन्शुलिन चालू असतां एकादशीचा कडकडीत उपवास केला, तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरण्याचें भय. साबुदाणा खावा, तर ती भडकण्याचें. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षांचें व्रत आतां कसें मोडूं?” मामंजींनीं शास्त्राधार काढला: पाणी, कंदमुळें, फळें व दूध यांप्रमाणेंच औषधानेंही व्रतभंग होत नाहीं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तर मग वेळेवर चार घांस खाणें, हेंच माझें औषध समजेन.”

येथील तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईस पिण्याचें पाणी मिळावें म्हणून बांधला. पुढें तें पाणी पिण्यास अयोग्य ठरलें. हेतु कितीही चांगला असो, पाणी वरचेवर तपासावेंच लागतें. व्रतांचेंही तसेंच आहे. वाचकभगिनींनीं पाडव्याचा कडुनिंब वाटण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांचीं औषधें आणि उपवास एकदां शेजारीं शेजारीं मांडून पाहावे, व डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.