ड्रिल मशीन जरूर हातात घ्या, पण नुसता छंद म्हणून नको

घराची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करणं ही सध्या शहरी मध्यमवर्गात कौतुकाची गोष्ट झाली आहे. कंपनीत नोकरी करणारा तरुण ड्रिल मशीन विकत आणतो, भिंतीला चार भोकं पाडून फळी लावतो आणि फोटो टाकतो. लोक त्याला हरहुन्नरी म्हणतात. रोज तेच काम करून पोट भरणाऱ्याला मात्र हेच लोक 'ए ड्रिलवाला' अशी हाक मारतात. मशीन तेच, भिंत तीच. मग प्रतिष्ठा मशीन कुणाच्या हातात आहे यावर का ठरते?

उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दिलं आहे. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, तीही एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवणारी. डोकं एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, हे तिचं मूळ सूत्र.

आपल्यातलेच काही जण विचारतील, "बापजाद्यांनी लादलेली कामं टाकून शाळा गाठली, ती पुन्हा अवजार धरण्यासाठी का?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. कौशल्य विकासाच्या नावाखाली आपल्या मुलांना पदवीपासून दूर नेलं जात असेल तर विरोध केलाच पाहिजे. पण बाबासाहेबांनी नाकारलं ते जन्माने लादलेलं काम. यंत्र त्यांनी कधीच नाकारलं नाही. उलट १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना ते यंत्राच्या बाजूने उभे राहतात: यंत्र माणसाची ढोरमेहनत कमी करतं, त्याला फुरसत देतं, आणि फुरसत असेल तरच माणूस विचार करू शकतो.

घराच्या डागडुजीत मीही पहिल्यांदा ड्रिल धरलं. पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हे नुसतं ताकदीचं काम नाही. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडायचं नाही, कारण आत वायर असू शकते. टाइल्सवर आधी चिकटपट्टी लावायची, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर ती तडकते. बिट गट्टूच्या मापाचा घ्यायचा. ओढणी आणि मोकळे केस फिरत्या चकपासून लांब ठेवायचे. हे सगळं ज्ञानच आहे. फक्त त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही, म्हणून त्याला 'अडाण्याचं काम' म्हटलं जातं.

आणि धोका? ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते. गार्ड काढलेला ग्राइंडर, उघडे डोळे आणि नाकातोंडात सिमेंटची धूळ, हे चित्र आपण दररोज पाहतो आणि पुढे जातो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने तर दहा लाखांपर्यंतचं स्वतःच्या राहत्या घराचं काम कक्षेबाहेरच ठेवलं होतं. म्हणजे तुमच्या-माझ्या घरात भिंत फोडणाऱ्याच्या डोळ्यांची जबाबदारी घरमालकाच्या विवेकावर सोडलेली. आणि आज आपल्यातलेही अनेक जण घरमालक आहेत. त्या दिवशी आपली कसोटी आपण ठेकेदारासारखे वागतो की आंबेडकरवाद्यासारखे, यावर लागते.

म्हणून तीन गोष्टी करूया. घरात काम काढलं तर कारागिराला चष्मा, मास्क आणि अर्थिंग असलेलं बोर्ड आपण द्यायचं, आणि मजुरीत घासाघीस करायची नाही. वस्तीतल्या विहारात वर्गणीतून एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि सुरक्षेचं साहित्य ठेवायचं. रविवारी ते शिकवायला वस्तीतल्याच कारागिराला मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवायचं, आणि पहिल्या रांगेत मुलींना बसवायचं.

पदवी सोडायची नाही आणि अवजाराची लाज धरायची नाही. ज्या दिवशी एमए झालेली मुलगी आणि गवंड्याचा मुलगा एकाच भिंतीसमोर बरोबरीने उभे राहून बिटचं माप ठरवतील, त्या दिवशी श्रमिकांच्या विभागणीची एक वीट नक्की निघेल.

जय भीम!