१०० डोसची बाटली आणि आठ कोंबड्यांचं घर



मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस १०० डोसच्या बाटलीत येते. आमच्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाच्या वाड्यांत एका घरी कोंबड्या असतात आठ, दहा, फार तर पंधरा. बाटली फोडून त्यात पाणी मिसळलं की दोन तासांत संपवायची, उरलेली उद्याला चालत नाही. एकट्या घराने आणली तर नव्वद डोस मातीत. म्हणून कोणी आणतच नाही, आणि दर उन्हाळ्यात खुराडी रिकामी होतात. माझं म्हणणं एवढंच, की परसातली कोंबडी एका घराची नसतेच. ती वाडीची असते. तेव्हा लस आणि योजना दोन्ही वाडी धरूनच पाहिजेत.

वाडीची कशी, ते सांगतो. आमच्या घरी कोंबड्या कारभारणीच्या. अंड्याचा पैसाही तिचा, त्यात मी हात घालत नाही. तिची कोंबडी खुडूक बसली आणि घरात अंडी कमी असली की वरच्या आळीतून पाच-सहा अंडी येतात. पाटीत तूस घालून अकरा किंवा तेरा अंडी मांडायची, आकडा विषमच ठेवायचा. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरी धरून बघायचं, कोरी अंडी काढून टाकायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की ज्याची अंडी त्याला त्याचा वाटा. एखाद्या घरी कोंबडीच उरली नाही, तर दुसऱ्या घरची तलंग निम्म्या वाट्याने पाळायला मिळते. पिल्लं मोठी झाली की अर्धी-अर्धी. याला कागद नाही, सही नाही. नवीन लग्न होऊन आलेल्या कितीतरी पोरींचं खुराडं असंच उभं राहिलं. घार फिरायला लागली तर जी बाई अंगणात असेल ती ओरडते, ती कुणाची पिल्लं ते बघत नाही.

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, आम्हा सगळ्यांची छाती फुगली. बियाणं जसं हातोहात फिरून टिकलं, तशीच गावरान कोंबडीही टिकली. तेच हात आहेत. फक्त बियाण्याचं मोल लोकांना आता कळलं, कोंबडीचं अजून कळायचं आहे.

पण रोगही त्याच वाटेने फिरतो. हे आपण बोलत नाही. मागच्या वैशाखात शेजारच्या वाडीत एका घरी दोन कोंबड्या सुस्त झाल्या. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, मग मान पिळवटली. घरच्या बाईने काय केलं, ज्या चालत्या होत्या त्या डाल्यात घालून बाजाराला नेल्या. दोन विकल्या, एक परत आली, एक बहिणीकडे दिली. आठ-दहा दिवसांत सगळ्या वाडीत मर लागली. दीडशेच्या आसपास कोंबड्या होत्या, वीस-बावीस उरल्या. त्या बाईशी दोन घरं अजून बोलत नाहीत. हळदीकुंकवालासुद्धा बोलावलं नाही.

मला विचाराल तर त्या बाईला शिव्या देऊन काही होत नाही. आमच्या बाजारात गावरान कोंबडा पाचशे-सहाशेला जातो, आखाडात त्याहून वर. चार कोंबड्या म्हणजे पोराची वह्या-पुस्तकं आणि गणवेश. डोळ्यांदेखत मरणार हे दिसत असताना ती विकणार नाही तर काय करणार? मानमोडीला औषध नाही. लसूण, हळद, गुळवेल सगळं करून बघतात, पण मान वाकडी झाल्यावर कशाचा उपयोग होत नाही. तिला दोन गोष्टी मिळायला पाहिजे होत्या, आधी लस आणि नंतर शेजाऱ्यांचा भरवसा. खरं सांगितलं तर वाडी दोन तलंगा वाट्याने देईल, हे जर माहीत असतं तर तिने लपवलं नसतं.

जुनी माणसं म्हणतात, गावरानला लस कशाला, ती काटकच असते. काटक आहे, कबूल. ऊन सोसते, उकिरड्यावर पोट भरते, मुंगूस आलं तर झाडावर चढते. पण मानमोडी काटकपणा बघत नाही. दुसरे म्हणतात, टोचल्यावर अंडी बंद होतात. काही दिवस कमी होतात, हे खरं आहे. महिनाभराच्या अंड्यांपेक्षा कोंबडी राहिलेली बरी. तिसरी तक्रार अशी, की टोचूनही मेली. त्याची कारणं मी दोन पाहिली. एक, लस बर्फाविना खिशात घालून आणली. दुसरं, रोग आधीच खुराड्यात शिरला होता आणि मग धावपळ करून टोचली. लस ही रोग यायच्या आधीची गोष्ट आहे.

आता योजनेचं. शासनाच्या योजनेत एका लाभार्थ्याला २५ तलंगा आणि ३ नर, किंवा एक दिवसाची १०० पिल्लं मिळतात. ज्याचं नाव यादीत त्याच्या अंगणात एकदम एवढी पाखरं. पिल्लांना ऊब द्यायला वीज नाही, खाद्य विकत आणायचं, आणि चहूबाजूला बिनलशीच्या कोंबड्या. महिना-दोन महिन्यांत हिशोब संपतो. शिवाय गिरिराज, वनराज या जाती अंडी जास्त देतात, मान्य, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांचे नर वाडीभर सुटले की पुढच्या पिढीत उबवणारी कोंबडी शोधावी लागते. पिल्लं वाटू नका असं मी म्हणत नाही. त्याच पैशातून आधी वाडीला एक बर्फाची पेटी द्या, एका बाईला टोचायला शिकवा आणि पाखरामागे तिला दोन रुपये मिळू द्या. उमेदच्या पशुसखी गावोगाव आहेतच. पुण्याच्या औंधला शासनाची लस तयार होते. अडतं ते तालुक्याच्या दवाखान्यापासून वाडीच्या पडवीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यावर.

डॉक्टर मंडळी हे वाचतात, म्हणून आमचं गणित मांडतो, चुकत असेल तर सांगा. अकरा घरं, आठ आठवड्यांवरच्या कोंबड्या ब्याण्णव. त्यांना आरटूबी पंखाखाली टोचायची. लहान पिल्लांना ती नाही, त्यांना लासोटाचा थेंब डोळ्यात, त्याची बाटली वेगळी. आठवडाभर आधी जंताचं औषध. टोचायची पहाटे, खुराडं उघडायच्या आधी, म्हणजे एकही पाखरू सुटत नाही आणि ऊनही नसतं. सुस्त दिसेल तिला टोचायची नाही, बाजूला डाल्याखाली ठेवायची. बाटलीचा आणि बर्फाचा खर्च अकरा घरांत वाटला तर एका अंड्याच्या पैशांतही भागतो.

बाजारातून आणलेला कोंबडा पंधरा दिवस वेगळा ठेवायचा, हे बायकांनी आपसात ठरवलंय. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकायची नाही, खड्ड्यात चुना टाकून पुरायची. आणि एकदम पाच-दहा पाखरं मेली तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. मर मानमोडीची की त्याची, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही. ते तपासणीवरच कळतं.

येत्या रविवारी आमच्या वाडीत पहाटे पाचला बाटली फुटणार आहे. दोन घरं अजून राजी नाहीत. त्यातल्या एका म्हातारीच्या सात कोंबड्या बरोबर पाणवठ्याच्या वाटेवर चरतात, म्हणून ती महत्त्वाची. कारभारीण उद्या संध्याकाळी तिच्याकडे जाणार आहे, जाताना उबवणीची सहा अंडी घेऊन.